इराणी सिनेमा, इंग्रजी ओळ, कोल्हापुरी प्रेक्षक

पडद्यावर बोलणारा माणूस इराणी, खालची ओळ इंग्रजी, आणि खुर्चीत बसलेला माणूस कोल्हापूरचा. परदेशी सिनेमा बघताना आपल्याकडं हे चित्र इतकं नेहमीचं झालंय की त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटतच नाही. आजच्या भागात मला नेमकं याच्यावरच बोलायचंय. सबटायटल वाचत सिनेमा बघताना आपल्या डोक्यात काय होतं, आणि ती ओळ आपल्या भाषेतली नसून तिसऱ्याच भाषेतली असते तेव्हा काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. थोडं साफसूफ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. कारण भाषेचा हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या काळात सिनेमा मूक होता. संवाद म्हणजे मध्येच येणारी अक्षरांची पाटी. त्या काळात एकाच पाटीवर दोन-तीन भाषांत मजकूर लिहायची पद्धत होती, कारण तीच रिळं वेगवेगळ्या प्रांतांत फिरायची. पण १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम ७ टक्के होती. म्हणजे थिएटरात बसलेल्या बहुतेकांना कुठलीच पाटी वाचता येत नव्हती. मग ज्याला येतं तो मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे ऐकणार. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या कलाकारांचा पेशाच होता. त्यांना 'बेन्शी' म्हणत, आणि लोक अमुक बेन्शी आहे म्हणून तिकीट काढायचे.

मग बोलपट आला आणि खरी पंचाईत झाली. पाटी बदलणं सोपं होतं, माणसाचा आवाज कसा बदलणार? १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं यावर काढलेला तोडगा मला आजही भारी वाटतो. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' त्यांनी दोनदा केला, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. डबिंग नाही, सबटायटल नाही, सरळ दोन सिनेमे! त्या काळात पॅरामाउंटसुद्धा पॅरिसजवळच्या स्टुडिओत एकाच कथेच्या चार-पाच भाषांतल्या आवृत्त्या काढत होती. म्हणजे कोल्हापूर जगाच्या मागं नव्हतं, बरोबरीनंच चाललं होतं. पण हा उपाय महाग. जगभरात तो लवकरच मागं पडला आणि दोन रस्ते उरले, आवाज बदला नाहीतर खाली ओळ लिहा.

आता ही ओळ कशी बनते ते बघू. वरवर वाटतं, संवाद घेतला, भाषांतर केलं, चिकटवलं. तसं नसतं. सबटायटल हा भाषांतराचा प्रकार कमी आणि बजेटचा प्रकार जास्त आहे. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. इंग्रजीसाठी मोठ्या प्लॅटफॉर्मचा नियम असतो, एका ओळीत साधारण ४२ कॅरेक्टर. एक सबटायटल पडद्यावर फार तर ७ सेकंद राहणार. आणि वाचायचा वेग सेकंदाला साधारण १७ ते २० कॅरेक्टरच्या वर जाऊ द्यायचा नाही. आता भांडणाचा सीन घ्या. दोघं तावातावानं बोलतायत, चार सेकंदांत तीन वाक्यं. तुमच्याकडं जागा सत्तर-ऐंशी कॅरेक्टरची. काहीतरी टाकावं लागणारच. मग पहिल्यांदा काय जातं? 'अगं', 'बरं का', 'म्हणजे', 'हे बघ', शिव्या, नावं, चुचकारणं, टोमणे. कथानक पुढं सरकवणारा मजकूर राहतो आणि माणसं एकमेकांशी कशी वागतायत ते गळतं. म्हणून कधीकधी सबटायटलवर बघितलेल्या सिनेमात सगळी पात्रं जरा जास्तच मुद्द्याचं बोलतात असं वाटतं. ती तशी नसतात हो, त्यांची बडबड कापलेली असते.

दुसरी गोष्ट, ओळ एकदम येते. नट शब्द शब्द उच्चारतो, खालचं वाक्य मात्र क्षणात पूर्ण हजर. त्यामुळं विनोदी सिनेमाला थिएटरात हशा दोनदा ऐकू येतो. पहिला भराभर वाचणाऱ्यांचा, दुसरा बाकीच्यांचा. आणि नटानं खरा विनोद केला त्या वेळी सगळे हसून मोकळे झालेले असतात. चांगले सबटायटलकार म्हणून वाक्य मुद्दाम दोन तुकड्यांत तोडतात, शेवटचा शब्द राखून ठेवतात.

"मला सबटायटलचा त्रास होत नाही, मी बघतच नाही तिकडं," असं म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात जेरी द'इडेवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलं होतं, १९९१ चा शोधनिबंध आहे. खाली ओळ आली की डोळा तिकडं जातोच. भाषा कळत असली तरी जातो, गरज नसली तरी जातो. वाचता येणाऱ्या माणसाला समोरची अक्षरं न वाचणं जवळपास अशक्य असतं. दुकानाची पाटी आपण ठरवून थोडीच वाचतो?

याच सवयीचा फायदा आपल्याच देशात एका माणसानं करून घेतला. ब्रिज कोठारी १९९६ साली अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश सिनेमा बघत होते. खाली इंग्रजी ओळी. त्यांना वाटलं, या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या तर आपलं स्पॅनिश सुधारलं असतं. तिथून त्यांना सुचलं की भारतात हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दिले तर जेमतेम वाचता येणाऱ्या लोकांचा सराव होईल. पुढं आयआयएम अहमदाबादमधून त्यांनी हे काम केलं आणि दूरदर्शनवर 'चित्रहार' आणि 'रंगोली'त गाण्यांखाली शब्द आले. आपल्यातल्या किती जणांनी त्या ओळी बघत गाणी म्हटलीयत! वाचन शिकवणं हा त्यामागचा हेतू आहे हे त्या वयात कुणाच्या गावी नव्हतं.

याला दुसरी बाजूही आहे. २००९ साली होल्गर मिटेरर आणि जेम्स मॅक्वीन यांचा एक अभ्यास आला. डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीतले व्हिडिओ दाखवले. काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर तेच उच्चार नव्या वाक्यांत ऐकवले. इंग्रजी ओळी वाचलेल्यांचा कान सुधारला होता. डच ओळी वाचलेल्यांचा मात्र उलट अडखळला. कारण डोळा एक भाषा वाचतो आणि कान दुसरी ऐकतो, मग मेंदू कानाकडं दुर्लक्ष करतो.

म्हणजे तुम्ही इंग्रजी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून बघत असाल आणि हेतू इंग्रजी सुधारायचा असेल, तर तुमचं बरोबर चाललंय. माझ्या बॅचच्या निम्म्या पोरांचं इंग्रजी असंच सुधारलं, कॉलेजच्या 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या तासाला नाही. पण इराणी किंवा कोरियन सिनेमाखालच्या इंग्रजी ओळीला हा फायदा लागू होत नाही. तिथं कान फारसीवर, डोळा इंग्रजीवर, आणि विचार मराठीत. तीन भाषांची ही कसरत आहे. इंग्रजी आपण मराठीइतकं भराभर वाचत नाही, मग डोळा खालीच जास्त रेंगाळतो आणि तेवढा वेळ नटाच्या चेहऱ्यावरनं कमी होतो. किफमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सिनेमा सुटल्यावर बाहेर चहाला उभे राहिलेल्यांचं बोलणं ऐका. गोष्ट सगळ्यांनी पकडलेली असते. चेहरे कितपत आठवतायत ते विचारा.

आता आजचा मुख्य मुद्दा. आपण समजतो की भाषांतरात जे हरवतं ते हरवणारच होतं, इलाज नाही. मला हे पटत नाही. आपल्या बाबतीत बरंच काही इंग्रजीत हरवतं, आणि मराठीत ते सहज राहिलं असतं.

सगळ्यात सोपं उदाहरण, तू आणि तुम्ही. इंग्रजीत एकच 'यू'. फारसीत जवळच्याला 'तो' आणि मानाचं 'शोमा'. फ्रेंच, जर्मन, रशियन, सगळ्यांत दोन रूपं आहेत. कोरियन आणि जपानीत तर क्रियापदाचा शेवटच सांगतो की बोलणारा कुणाशी आणि कुठल्या पायरीवरनं बोलतोय. नवरा-बायको भांडता भांडता 'तू' वरनं 'तुम्ही' वर गेले की आपल्याला चटकन कळतं, आता मामला गंभीर आहे. किंवा साहेबाला कुणी पहिल्यांदा 'तू' म्हटलं, तर तो अख्खा सीन त्या एका शब्दावर उभा असतो. इंग्रजी ओळीत यातलं काहीही दिसत नाही. तिथं आधी 'यू' होतं, नंतरही 'यू'च आहे. ज्या भाषेतनं आलं तिच्याकडं ते होतं, आणि ज्या माणसाकडं पोचायचं त्याच्या भाषेतही आहे. मधल्या थांब्यावर सामान उतरवून घेतलं!

नात्यांचंही तसंच. कोरियन सिनेमात 'ओप्पा', 'नूना', 'ह्योंग' सतत ऐकू येतं. बहिणीनं थोरल्या भावाला म्हणायचं वेगळं, भावानं थोरल्या भावाला म्हणायचं वेगळं, आणि ओळखीच्या मोठ्या पोरालाही हेच म्हणायचं. आपण अनोळखी रिक्षावाल्याला 'दादा' किंवा 'मामा' म्हणतो, भाजीवालीला 'मावशी' म्हणतो. त्यामुळं आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. इंग्रजी सबटायटलकार बिचारा काय करणार? 'ब्रदर' लिहिलं तर चर्चमधलं वाटतं, म्हणून तो त्या जागी पात्राचं नाव टाकतो. मग कानाला 'ओप्पा' ऐकू येतं आणि डोळ्याला नाव दिसतं.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती, कारण ती कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. वाक्याचा क्रम. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "त्याला त्या रात्री विहिरीवर मीच..." इथपर्यंत काहीही होऊ शकतं. मीच वाचवलं? मीच बघितलं? मीच ढकललं? शेवटचा शब्द येईपर्यंत ऐकणारा टांगलेला. इंग्रजीत क्रियापद सुरुवातीलाच बाहेर पडतं. फारसी, तुर्की, जपानी, कोरियन या भाषांत क्रियापद साधारणपणे आपल्यासारखंच शेवटी येतं. म्हणजे त्या भाषेतला नट त्या शेवटच्या शब्दासाठी चेहरा तयार करत नेतो, थांबतो, मग तो शब्द टाकतो. इंग्रजी ओळीनं तो पत्ता आधीच उघडलेला असतो. मराठी ओळ असती तर शेवटचा शब्द आणि नटाचा शेवटचा शब्द बरोबर एका वेळी पडला असता, फार कारागिरी न करता.

आणि फारसीच्या बाबतीत तर अजून एक गंमत. कान उघडे ठेवून इराणी सिनेमा बघा. 'फक्त', 'हजार', 'साल', 'तारीख', 'खराब', 'बाजार', हे सगळे शब्द थोड्या वेगळ्या उच्चारात ऐकू येतील, कारण ते आपल्याकडं फारसीतनंच आलेत. शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला इतके फारसी शब्द तेव्हा कारभारात घुसले होते. कारभारातले बरेचसे गेले, रोजच्या बोलण्यातले राहिले. पण डोळा 'ओन्ली' वाचत असतो, म्हणून कानाला 'फक्त' ऐकू येत नाही. खाली 'फक्त' लिहिलेलं असेल तर तोच शब्द दोन्हीकडनं येतो. तुम्ही दचकाल, खरंच.

'पॅरासाइट'चं नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. २०२० च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब घेताना बाँग जून-हो सबटायटलच्या एक इंच उंच अडथळ्याबद्दल बोलला. तो ओलांडला की कितीतरी भारी सिनेमे भेटतील, असा त्याचा सूर होता. ते गाजलं, बरोबरही आहे. पण तो बोलत होता अमेरिकन प्रेक्षकांशी, ज्यांच्यासाठी ती ओळ त्यांच्याच भाषेत होती. आपल्यासाठी तो अडथळा दोन इंचांचा आहे.

त्या सिनेमाची इंग्रजी सबटायटल डार्सी पॅकेटनं केली, आणि कामाचा माणूस आहे, शंका नाही. सिनेमात दोन स्वस्त इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेला पदार्थ आहे, कोरियात त्याला 'चापागुरी' म्हणतात. श्रीमंत घरात त्यावर महागडं बीफ घालून तो पोरासाठी करायला सांगतात. इंग्रजीत हे नाव कुणाला कळणार? पॅकेटनं रामेन आणि उदोन जोडून 'रामडॉन' असा शब्दच तयार केला. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागी ऑक्सफर्ड केलं, कोरियन चॅट ॲपच्या जागी व्हॉट्सॲप केलं. अमेरिकेतल्या माणसासाठी हे सगळं चोख. पण आपल्याला रामेन आणि उदोन तरी कुठं ठाऊक आहेत? आपल्याला तो विनोद समजायला मॅगी लागते. मॅगीवर काजू-केशर घालून देणारं घर म्हटलं की अख्खा वर्गभेद एका ओळीत कळतो. ज्याच्यासाठी भाषांतर केलं जातं त्याच्याच घरातली भांडी त्यात येतात. ते भाषांतर आपल्यासाठी केलेलं नव्हतंच, आपण शेजारच्या ताटातलं खातोय.

उलट दिशेनंही बघू, कारण आपले सिनेमे बाहेर जातात तेव्हा हेच आपल्याबाबतीत होतं. कोल्हापूरकडच्या बायका, पोरी 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून पहिल्यांदा गंमत वाटते, पण पडद्यावर एखादी पोरगी असं बोलली की मराठी प्रेक्षकाला तिचं गाव कळतं. इंग्रजीत क्रियापदाला लिंगच नाही, विषय संपला. नवऱ्याला मारलेली 'अहो' ही हाक तर कुठल्याच इंग्रजी शब्दात बसत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरकही जातो. "आम्ही निघतो" आणि "आपण निघू" यात एक माणूस मागं राहतो की बरोबर येतो हा प्रश्न आहे, इंग्रजीत दोन्हीकडं 'वी'.

'सैराट'मध्ये आर्ची समोरच्याला विचारते, मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का. आता त्या संवादाखाली इंग्रजी ओळ टाका आणि वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याला तर सुरुवातीपासून सगळं इंग्रजीतच सांगितलं जातंय! धमकीचा जोरच गेला.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४, व्हेनिसला पुरस्कार मिळालेला) याहून अवघड. त्यात कोर्टात मराठी, हिंदी, इंग्रजी चालतं, वकिलाच्या घरी गुजराती. कोण कुठल्या भाषेत बोलतो यावरनं कोण कुठल्या वर्गातला, कोण कुठं परका, हे सगळं कळतं. परदेशी प्रेक्षकाला खाली एकसारखं, इस्त्री केलेलं इंग्रजी दिसतं. त्यांना सिनेमा आवडला, बक्षीसही दिलं. पण त्यांनी बघितलेला 'कोर्ट' आणि आपला 'कोर्ट' यांत फरक आहेच.

नागराज मंजुळेचं 'फँड्री' मात्र वेगळं वळण घेतं. हा शब्द कैकाडी भाषेतला, अर्थ डुक्कर. बहुतेक मराठी प्रेक्षकांनाही तो माहीत नव्हता. इंग्रजीतही नाव 'फँड्री'च राहिलं. म्हणजे निदान नावापुरते तरी पुण्यातला प्रेक्षक आणि बर्लिनमधला प्रेक्षक एकाच पायरीवर आले, दोघांनाही विचारावं लागलं. काही वेळा न समजू देणं हेच बरोबर भाषांतर असतं.

मग मराठी सबटायटल का नाहीत? मागणी नाही, परवडत नाही, ही उत्तरं ठरलेली. मी इंजिनिअर आहे, म्हणून माझ्या डोक्यात आधी यंत्राची बाजू येते, आणि तिथंही आपल्यासाठी खड्डे आहेत. ते ४२ कॅरेक्टरचं गणित रोमन अक्षरांसाठी बनलंय. तिथं एक अक्षर म्हणजे एक कॅरेक्टर. देवनागरीत? 'कोल्हापूर' वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात, को-ल्हा-पू-र. कॉम्प्युटर मोजतो नऊ, कारण काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं धरतो. 'स्त्री' हे एकच अक्षर सहा मोजलं जातं. म्हणजे जागा आणि वाचनवेग मोजणारं सॉफ्टवेअर आपली ओळ उगाच लांब समजतं आणि लाल रंगात ओरडतं. तुम्ही वेडे असाल तर त्याचं ऐकून चांगली ओळ कापत बसाल. वास्तविक मराठी आटोपशीर आहे. "आय टोल्ड यू नॉट टू कम हिअर" हे रोमन लिपीत २७ कॅरेक्टर. "येऊ नको म्हटलेलं ना" यात कॉम्प्युटरच्या हिशेबानं १९, आणि डोळ्याला दिसणारी अक्षरं फक्त ९.

बाकीचे खड्डे छोटे आहेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नसेल तर टीव्हीवर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. काही टीव्ही जोडाक्षर फोडतात, पहिली वेलांटी भलत्याच बाजूला नेतात. त्यावर उपाय म्हणजे ओळी व्हिडिओतच छापून टाकायच्या, हार्डसब. आणि ओळी हळूहळू आवाजाच्या पुढं पळायला लागल्या तर समजा, फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या कॉपीवर बनवलेली आहे आणि तुमचा सिनेमा २३.९७६ चा आहे. तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो. बाकी एसआरटी फाइल म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर, एक रिकामी ओळ. नोटपॅडमध्ये होते.

मी हे का करायला बसलो ते सांगतो. माझी आई रोजचा पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचते, दिवाळी अंक संपवते, माझ्यापेक्षा चौपट वाचन आहे तिचं. पण इंग्रजी ओळ दोन सेकंदांत वाचणं तिला जमत नाही. माजिद माजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) लावला, तर पंधरा मिनिटांत "काय म्हणाला तो?" असं चार वेळा विचारून ती उठून गेली. एका गरीब घरात बहिणीचे बूट हरवतात आणि भाऊ-बहीण एकच जोड वाटून वापरतात, ही गोष्ट कुणाला सगळ्यात जास्त भिडेल? सिनेमा तिच्यासाठी होता. ओळ नव्हती. फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर कोण बसतं आणि कोण बसत नाही, याच्या मागं ही एवढीशी ओळ आहे असं माझं मत झालंय. (ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्याबद्दल तर वेगळा भाग करावा लागेल. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये सिनेमांत कॅप्शन आणि वर्णनध्वनीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, तेव्हा तो विषय आता हलायला लागलाय.)

म्हणून घरच्यापुरती त्या सिनेमाची मराठी फाइल करायला घेतलीय. रोज रात्री दहा-पंधरा ओळी. एक सीन आहे, वडील घरात बसलेत, आणि त्यांना कळू नये म्हणून अली आणि झहरा वहीत लिहून एकमेकांशी बोलतात. तिथं एकाच वेळी वडिलांचं बोलणं आणि वहीतला मजकूर, दोन्ही द्यायचं. मी वहीतलं वरती तिरप्या अक्षरात ठेवलं, बोलणं खाली. त्याच घरात वडील मशिदीसाठीची साखर फोडत असतात आणि स्वतःच्या चहाला मात्र त्यातला खडा घेत नाहीत, कारण ती साखर आपली नव्हे. ही ओळ मराठीत करायला अर्धा मिनिटही लागलं नाही. देवळाच्या शिध्याला हात न लावणारी माणसं आपल्याकडं घरोघर आहेत.

अडलो ते वेगळ्याच ठिकाणी. झहरा भावाला नावानं हाक मारते, 'अली'. आपल्याकडं धाकटी बहीण थोरल्याला 'दादा' म्हणणार. आईला विचारलं तर तिनं विचार न करता सांगितलं, दादा लिही, पोरगी नाव घेऊन बोलते ते बरं दिसत नाही. पण मघाशी मी कोरियन नात्यांबद्दल जे म्हटलं तेच इथं उलटं होतं. तिथं इंग्रजी असलेलं काढून टाकतं, इथं मी नसलेलं घालणार. शिवाय कानाला 'अली' स्पष्ट ऐकू येतंय, आणि डोळा 'दादा' वाचणार. सध्या 'अली'च ठेवलंय. आईला ते अजून पटलेलं नाही. तिनं मला आता विचारलंय की तेहरानमधल्या पोरी खरंच भावाचं नाव घेतात का, आणि शेवटी बूट मिळतात का. दुसऱ्याचं उत्तर मी दिलेलं नाही, अजून चाळीस मिनिटांच्या ओळी बाकी आहेत.